जिकडे घासतं, तिकडे वळतं: एअरसॉफ्टच्या हॉप-अपच्या नोंदी

१ डिसेंबर, रविवार. घरी, नागपूर

पुतण्याने त्याची एअरसॉफ्ट बंदूक आणून टेबलावर ठेवली. एम-फोर रायफलच्या आकाराची, बॅटरीवर चालणारी, ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे मारणारी. "काका, छर्रा कधी वर जाते, कधी चार पावलांवर पडते. आणि उजवीकडे तर नेहमीच जाते." छर्ऱ्याला मागच्या दिशेने फिरकी देऊन लांब नेणारी यंत्रणा बंदुकीत असते, तिला हॉप-अप किंवा नुसतं हॉप म्हणतात. त्याने तिचं डायल दोन्हीकडे फिरवून पाहिलं होतं. किती फिरवलं, कशाने काय बदललं, याची नोंद मात्र नव्हती. म्हणून ही वही.

मी हिंगणा एमआयडीसीत लेथवर काम करतो. मशीनमध्ये दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्याकडचा पहिला धडा. इथेही तेच करायचं ठरवलं.

आधी मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये अडकलेला एखादा छर्रा निघून जावा म्हणून जमिनीकडे दोनदा ट्रिगर दाबला, मग बॅटरी काढली. हा क्रम दरवेळी हाच राहील. दोघांच्याही डोळ्यांवर कडेने बंद असलेले गॉगल, टेबलावर काम करतानासुद्धा.

पुढची पिन काढली की वरचा भाग सरकून वेगळा होतो आणि पितळी नळीसह हॉप-अपचं चेंबर हातात येतं. आत मोजक्याच वस्तू आहेत. नळीच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूने एक छोटी खिडकी कापलेली आहे. त्या टोकावर रबराची नळकांडी चढवलेली असते, तिला बकिंग म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो आणि तो खिडकीतून नळीत डोकावतो. त्यावर रबराचा बारीक तुकडा, म्हणजे नब. नबवर एक आर्म. डायल फिरवलं की आर्म खाली येतो, नब दाबला जातो आणि उंचवटा नळीत आणखी उतरतो. एवढीच यंत्रणा.

मायक्रोमीटरवर दहा छर्रे मोजले. ५.९४ ते ५.९६ च्या दरम्यान सगळे. नळीचा आतला व्यास ६.०८ आहे असं तिच्या खोक्यावर लिहिलं आहे. म्हणजे छर्रा नळीत घट्ट नसतो, भोवतीच्या हवेसोबत सैलच पळतो. त्याला नेमका घासणारा एकच भाग, तो हा रबराचा उंचवटा. छर्रा निघतो तेव्हा त्याचं डोकं तिथे अडतं आणि पोट पुढे पळतं, त्यामुळे तो पुढे जाता जाता मागच्या दिशेने गरगरू लागतो. टेबल टेनिसमध्ये चॉप मारल्यावर चेंडू जाळीवरून तरंगत येतो, ती हीच फिरकी.

आज फक्त उघडून पाहिलं आणि जसं होतं तसं बंद केलं. मूळ दोष आधी मोजायचा, दुरुस्ती नंतर.

८ डिसेंबर, रविवार. दादाची बाग, काटोलकडे

जागेचा प्रश्न मोठा होता. शहरात मैदानावर ही वस्तू काढायची नाही, हे माझं पक्कं. लांबून ती खऱ्या बंदुकीसारखी दिसते, लोक घाबरतात आणि छर्रा कुठे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून बंद बॅगेत, डिकीत ठेवून दादाच्या संत्र्याच्या बागेत नेली. आंबिया बहाराचा तोडा होऊन गेला आहे आणि बाग ताणावर सोडली आहे, त्यामुळे पाणी नाही, मजूर नाहीत, जमीन कोरडी.

इथे दोन गोष्टी अशा मिळाल्या की घरी बसून सुचल्याच नसत्या. झाडं ६ बाय ६ मीटरवर लावलेली आहेत, म्हणजे ओळीतलं प्रत्येक झाड अंतराची खूणच. आणि काळ्या मातीवर पांढरा छर्रा लगेच दिसतो, पडला कुठे ते शोधावं लागत नाही.

दादाची एकच अट होती, बागेत प्लास्टिक राहता कामा नये. "मातीत विरघळणारे" म्हणून विकतात ते छर्रे घेऊ का, असं पुतण्याने विचारलं. बहुतेक पीएलए नावाच्या, वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचे असतात. पीएलएला कुजायला कंपोस्टच्या कारखान्यातली उष्णता लागते, साध्या मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. तेव्हा जुनं शेडनेट अंथरलं आणि मारलेले छर्रे मोजून परत वेचायचे असं ठरवलं.

पहिली चाचणी हॉप पूर्ण बंद ठेवून. ०.२० ग्रॅमचा छर्रा, नळी जमिनीपासून दीड मीटरवर, आडवी, वाळूच्या पिशवीवर टेकवलेली. दहाही छर्रे चौथ्या आणि पाचव्या झाडाच्या मध्ये पडले. डावी-उजवीकडे फार फरक नाही.

मग डायल चार दात पुढे. छर्रा सहाव्या झाडाच्या पलीकडे गेला, पण उजवीकडे ओढत. आणखी चार दात. आता तो निघाल्यानिघाल्या नाक वर करून फांद्यांच्या वर गेला, वेग संपला तसा आभाळातच थांबल्यासारखा झाला आणि उजवीकडच्या ओळीत उतरला. याला जास्त हॉप म्हणतात. छर्रा वेगात असतो तेव्हाच उचल सगळ्यात जोरात असते, म्हणून जास्त हॉप सुरुवातीलाच दिसून येतो.

उचल कशी मिळते ते पुतण्याला पेनाने मातीवर आकृती काढून दाखवलं. छर्ऱ्याचा माथा मागे फिरतो आहे आणि वाराही त्याच्यावरून मागेच वाहतो आहे. माथा आपल्यासोबत हवेला ओढतो, हवा जास्त वेळ चिकटून राहते आणि मागच्या बाजूने सुटताना खाली वळते. छर्ऱ्याने हवेला खाली ढकललं, हवेने छर्ऱ्याला वर. १८५२ च्या सुमारास जर्मनीतल्या हाइनरिक गुस्टाव माग्नुस यांनी याचा अभ्यास केला, म्हणून नाव माग्नुस परिणाम.

१२० मारले, ११७ सापडले. तीन शोधत अर्धा तास गेला, मिळाले नाहीत.

१० डिसेंबर, मंगळवार. वर्कशॉप, काम संपल्यावर

वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून काम भागवलं. नळीच्या तोंडापासून बरोबर ३ मीटरवर पत्रा टांगला, मागे जाड गोधडी. मोबाइल मधोमध, दोन्हीकडे दीड मीटर. मधोमध ठेवण्याचं कारण असं, की सुटण्याचा आवाज आणि पत्र्याचा आवाज दोन्हींना सारखंच अंतर कापावं लागतं, म्हणून आवाजाच्या प्रवासाचा वेळ वजा होतो आणि उरतो तो फक्त छर्ऱ्याचा.

रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. दोन टोकांमध्ये साधारण १,५५० नमुने आले, म्हणजे ०.०३५ सेकंद. सरासरी वेग सेकंदाला ८५ मीटर. वाटेत हवेने थोडा खाल्ला, तो धरून तोंडापाशी ९० च्या आसपास. ऊर्जा ०.८ ज्यूल. बॅटरीच्या बंदुकीत गिअरचाही आवाज येतो. सुटण्याचं टोक नेमकं कुठलं हे ओळखायला वेळ लागला, पाचव्या-सहाव्या रेकॉर्डिंगनंतर डोळा बसला.

या ९० वरून रविवारचा आकडा ताडून पाहिला. दीड मीटरवरून कुठलीही वस्तू साधारण ०.५५ सेकंदात जमिनीवर येते. तेवढ्या वेळात हवेचा विरोध धरून छर्रा २८ मीटर जातो. ६ मीटरचं एक झाड धरलं तर चौथ्या आणि पाचव्याच्या मधोमध. वहीतला आकडा आणि बागेतली माती जुळली, तेव्हा फार बरं वाटलं.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघाली. तितक्याच ऊर्जेने ०.२५ ग्रॅमचा छर्रा ८० मीटर वेगाने निघतो, म्हणजे ०.२० पेक्षा हळू. पण हलक्याला हवा लवकर थकवते. ३० मीटरवर ०.२० चा वेग सुमारे ३० उरतो आणि ०.२५ चा ३४. निघताना मागे असलेला पोहोचताना पुढे. वाऱ्यालाही तो कमी दाद देतो. पुढच्या रविवारी ०.२५ वापरायचे.

१५ डिसेंबर, रविवार. बाग

हॉप लावण्याची पद्धत आज नीट बसली. डायल शून्यावर. पाच छर्रे. एक दात पुढे. पुन्हा पाच. घाई करून दोन-तीन दात एकदम फिरवले की नेमकी जागा हुकते. नेम धरणाऱ्याला वाट नीट दिसत नाही, खांद्यामागून पाहणाऱ्याला दिसते. म्हणून एकाने मारायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बोलायचं. सकाळच्या तिरप्या उन्हात, हिरव्या पानांच्या पार्श्वभूमीवर पांढरा छर्रा शेवटपर्यंत दिसतो.

हॉप कमी असेल तर छर्रा सरळ निघतो आणि लवकर मान टाकतो. बरोबर असेल तर लांबवर ताणलेल्या दोरीसारखा जातो, शेवटाकडे बोटभर चढल्यासारखा वाटतो आणि मग पडतो. तो बोटभर चढ दिसला की थांबायचं. आणखी लांब जाईल म्हणून एक दात पुढे नेण्याचा मोह होतो. तसं केलं तर छर्रा लांब पडतो खरा, पण मधल्या अंतरावर निशाणाच्या डोक्यावरून जातो.

एक बारकावा आमच्या लेथच्या चाकासारखाच निघाला. डायलच्या दातांत थोडी ढिलाई असते. पुढे जाऊन एक दात मागे घेतला तर आर्म लगेच मागे येत नाही. म्हणून जागा ओलांडली तर चांगले तीन-चार दात मागे जायचं आणि खालून वर येत पुन्हा त्या जागी पोहोचायचं. नेहमी एकाच बाजूने.

०.२५ ला सहावा दात बरोबर वाटला. छर्रा आठव्या झाडाजवळ, ४८ मीटरच्या आसपास पडतो आहे. पण उजवीकडची ओढ तशीच आहे. ३० मीटरवर सिमेंटचं रिकामं पोतं टांगून दहा मारले, तीन लागले. बाकीचे सगळे उजव्या बाजूने गेले.

पुतण्या म्हणाला, नेम धरायची साइट डावीकडे सरकवू. मी थांबवलं. साइट वाकडी असती तर हॉप बंद असतानाही छर्रा उजवीकडे गेला असता, आणि कुठल्याही अंतरावर त्याच प्रमाणात. इथे हॉप शून्यावर असताना उजवी ओढ नाही. दुसऱ्या दातावर थोडी, सहाव्यावर स्पष्ट, आठव्यावर पार शेजारच्या ओळीत. हॉपसोबत वाढते आहे, म्हणजे दोष हॉपमध्येच. वारा म्हणावा तर ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उलट दिशेने मारलं, तरी उजवीकडेच.

वहिनीने तर्री पोहे पाठवले होते, ते थंड होईपर्यंत आम्ही वाकून माती पाहत बसलो होतो.

१८ डिसेंबर, बुधवार. घरी, रात्री

आज दोष डोळ्यांनी दिसला.

नळी आणि चेंबर बाहेर काढलं, डायल सहाव्या दातावर ठेवलं. मागून, चेंबरच्या बाजूने बारीक टॉर्च आत धरला आणि पुढच्या तोंडातून एका डोळ्याने पाहिलं. पितळाची गोल चमकती भिंत, आणि तिच्या कडेवर रबराची काळी कोर, द्वितीयेच्या चंद्रासारखी. ही कोर बरोबर बारा वाजता असायला हवी. ती अकराकडे झुकलेली होती. आपण पुढून पाहतो आहोत, म्हणून बंदूक धरणाऱ्याच्या बाजूने ती एक वाजता. उजवीकडे. शिवाय कोरीची एक बाजू जाड, दुसरी पातळ.

म्हणजे रबर छर्ऱ्याचा माथा धरत नव्हतं, माथ्याची उजवी बाजू धरत होतं. छर्रा वरही उचलला जात होता आणि उजवीकडेही.

इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी १८ व्या शतकात बंदुकीच्या गोल गोळीवर हेच दाखवलं होतं. त्यांनी नळीचं टोक डावीकडे वाकवलं. गोळी आधी डावीकडे निघाली, पण पुढे उजवीकडे वळली, कारण वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीला घासत गेली होती. जिकडे घासतं, तिकडे वळतं. वर घासलं की वर, उजवीकडे घासलं की उजवीकडे. पुतण्याला हे सांगितलं तर तो टॉर्च घेऊन पुन्हा पुन्हा नळीत पाहू लागला, मला परत द्यायलाच तयार नव्हता.

कारण शोधलं. बकिंगच्या आत एक बारीक उभी रेघ असते, ती नळीवरच्या खाचेत बसायला हवी. ती खाचेच्या कडेवर चढून बसली होती, त्यामुळे सगळं रबर किंचित फिरलेलं. नबसुद्धा आर्मच्या खोबणीत तिरका होता. रबर काढलं, नळीचं टोक कापडाने पुसलं, रेघ खाचेत बसेपर्यंत बोटाने चाचपत चढवलं. बसली की नखाला कळतं, रबर मग फिरत नाही. नळीवर टेफ्लॉन टेपचा एकच वेढा दिला, म्हणजे रबर घट्ट बसेल आणि हवा गळणार नाही. दोन वेढ्यांनी नळी चेंबरमध्ये अडकू लागली, म्हणून एक काढला. नब सरळ केला. सी आकाराची क्लिप परत लावली.

पुन्हा टॉर्च. कोर बारा वाजता, दोन्ही बाजूंना सारखी.

२२ डिसेंबर, रविवार. बाग

सकाळ वाया गेली आणि चूक माझी. निघण्याआधी नळी स्वच्छ असावी म्हणून मी आत सिलिकॉन स्प्रे मारला होता. लेथवाल्याच्या हाताला तेलाची सवय. इथे तेल नको तिथेच गेलं. रबराने छर्ऱ्याला पकडायला हवं आणि मी ते निसरडं करून ठेवलं. सहाव्या दातावरही छर्रे पाचव्या झाडाशी पडू लागले, मधूनच एखादा आठव्याला जाई.

नशिबाने गाडीत आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली होती. सफाईच्या काडीला सुती कापडाची पट्टी गुंडाळून, अल्कोहोलने भिजवून, हॉप शून्यावर आणून पुढून आत फिरवली. पट्टी कोरडी आणि पांढरी निघेपर्यंत चार वेळा. मग दहा मिनिटं वाळू दिलं. पहिले वीसेक छर्रे तरीही विस्कळीत गेले, त्यानंतर जागेवर आले.

आणि मग सरळ. सहावा दात, ०.२५ ग्रॅम, ३० मीटरवरचं तेच पोतं, दहापैकी नऊ. दहावा पोत्याच्या कडेला चाटून गेला. पुतण्याने पोत्याजवळ जाऊन भोकं मोजली आणि तिथूनच ओरडला, "काका, मधोमध आहेत ना!"

शेजारच्या बागेतले एक गृहस्थ आवाज ऐकून आले. वानरं फार त्रास देतात, हे घेऊन हाकलता येईल का, असं विचारू लागले. त्यांचं नुकसान मला दिसतं, दादाच्याही फांद्या मोडतात. पण नाही म्हणालो. ३० मीटरवर वेग एक तृतीयांश उरला तरी डोळ्यात गेला तर डोळा जातो, माणसाचा काय आणि वानराचा काय. या ओळीत फक्त पोतं आणि माती.

१०० मारले, १०० सापडले. वेचलेले पुन्हा वापरायचे नाहीत. मातीचा एक कण चिकटला असेल तर नळीला आणि रबराला ओरखडा पडतो, आणि तीन दिवसांची मेहनत त्या रबरातच आहे.

२९ डिसेंबर, रविवार. बाग

मुद्दाम सकाळी सातला पोहोचलो. थंडी चांगलीच, तोंडातून वाफ निघत होती, बंदूक रात्रभर गाडीत होती. तोच दात, तेच छर्रे, पण सातव्या झाडाच्या आधीच पडू लागले आणि एकासारखा एक जाईना. रबर थंडीत कडक होतं, पकड बदलते. एक दात वाढवला तेव्हा पुन्हा आठव्याला पोहोचले. अकरा वाजता ऊन तापलं, बंदूक हाताला कोमट लागू लागली आणि तो वाढवलेला दात जास्त झाला, छर्रे चढू लागले. परत सहावर.

म्हणजे डायलवरची खूण कायमची नसते. डिसेंबरातली खूण मे महिन्यात, ४५ अंशांच्या नागपुरात चालणार नाही, तेव्हा पुन्हा शून्यापासून. रबर वेगवेगळ्या कडकपणाचं मिळतं, ५०, ६०, ७० असे आकडे असतात, आकडा लहान तर रबर मऊ. मऊ रबर कमी ताकदीच्या बंदुकीत चांगलं धरतं, पण झिजतंही लवकर. आमचं ६० चं आहे, ते बदलण्याचं कारण दिसत नाही.

०.२८ ग्रॅमचे छर्रेही मारून पाहिले. त्यांना आठवा दात लागला. जड छर्ऱ्याला उचलायला जास्त फिरकी हवी, म्हणून जास्त दाब. लांबी जवळपास तेवढीच, पण थोडा वारा होता तरी ओळ सोडली नाही.

पुतण्याला आता जोरदार स्प्रिंग टाकायची आहे. त्याला वहीतलं १५ डिसेंबरचं पान दाखवलं. त्या दिवशीही स्प्रिंग हीच होती, वेग हाच होता आणि दहापैकी तीन लागले होते. स्प्रिंगचा विषय त्याने स्वतःच बाजूला ठेवला.

१२ जानेवारी, रविवार. घरी

संक्रांतीची सुट्टी धरून पुतण्या गावी चालला आहे, बंदूक इथेच राहील. ठेवण्याआधी डायल शून्यावर आणलं, नाहीतर नब महिनाभर रबराला दाबून ठेवतो आणि तिथे कायमचा खड्डा पडतो. बॅटरी काढून वेगळ्या डब्यात.

खोक्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला, त्याच्या अक्षरात: ०.२० साठी चौथा दात, ०.२५ साठी सहावा, ०.२८ साठी आठवा. दुपारच्या उन्हात, खालून वर येत. त्याखाली त्याने टॉर्चमधून दिसलेली कोर काढली आहे, गोल घड्याळात बरोबर बारावर.

हरवलेले तीन छर्रे दादाला काल आळ्याची माती हलवताना मिळाले. त्याने डबीत घालून पाठवले आहेत.